काम झाकले जाण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गॅलरी किंवा छज्जा कोसळल्याची बातमी वर्तमानपत्रात येते तेव्हा तिच्यात बहुतेक वेळा एकच कारण छापलेले असते, 'निकृष्ट दर्जाचे सिमेंट'. स्थापत्य पदविका घेतल्यापासून निवृत्तीपर्यंत मी बांधकामाच्या साइटवर पर्यवेक्षिका म्हणून काम केले. केवळ सिमेंट वाईट निघाले म्हणून पडलेला छज्जा माझ्या पाहण्यात नाही. सळई चुकीच्या जागी गेल्याने, ती आतल्या आत गंजल्याने किंवा खालचे टेकू घाईने काढल्याने पडलेले मात्र मी पाहिले आहेत. बातमीतले कारण चुकले की पुढे त्याचा परिणाम होतो. घर बांधायला काढलेला माणूस ती बातमी वाचतो, नामांकित कंपनीचे सिमेंट आणवतो आणि निश्चिंत होतो. सळई कुठे बसली ते बघायला तो जात नाही, कारण तिथे काही बघायचे असते हेच त्याला कोणी सांगितलेले नसते.

आपल्या गृहपुरवणीत फरशांचे प्रकार, रंगसंगती, स्वयंपाकघराच्या मांडण्या सगळे असते. बीम, कॉलम, कव्हर, क्युअरिंग हे शब्द मात्र कुठे समजावलेले दिसत नाहीत. वाचकाला करारात, अंदाजपत्रकात आणि दुरुस्तीच्या अहवालात गाठ पडते ती याच शब्दांशी. शेजारपाजारचे लोक असे कागद घेऊन माझ्याकडे येतात. सही आधीच झालेली असते आणि मग विचारतात, "ताई, याचा अर्थ काय?" म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहिते आहे.

इमारतीतले वजन खाली कसे उतरते हे एकदा ध्यानात आले की निम्मे शब्द आपोआप जागेवर बसतात. आपण ज्यावर चालतो तो स्लॅब. स्लॅबचे वजन घेते ती आडवी तुळई म्हणजे बीम. बीम ते वजन उभ्या खांबाला, म्हणजे कॉलमला देते. कॉलमच्या पायथ्याशी काँक्रीटची रुंद बैठक असते, तिला फूटिंग म्हणतात. ती ते वजन जमिनीवर पसरवते. या साखळीत भिंत कुठेच आली नाही. कॉलम-बीमच्या सांगाड्यावर उभ्या असलेल्या इमारतीत विटांची भिंत बहुधा फक्त आडोशाचे काम करते. जुन्या किंवा बैठ्या घरांत बरेचदा कॉलम नसतात, तिथे स्लॅब थेट भिंतींवर टेकलेला असतो. अशा बांधकामाला लोडबेअरिंग म्हणतात आणि तिथली भिंत पाडणे म्हणजे खांब काढण्यासारखेच आहे. दोन खोल्यांची एक खोली करण्याआधी आपले घर या दोनांपैकी कोणत्या प्रकारचे आहे, हा प्रश्न जाणकाराला विचारलाच पाहिजे. सांगाड्याच्या इमारतीतही 'भिंतच आहे, फोडा' म्हणताना त्या भिंतीच्या आत किंवा वर बीम-कॉलम नाही ना, हे तपासावे लागते. भिंतीत पाइप आणि वायरी दडवण्यासाठी झिरी मारताना प्लंबर आणि वायरमन कॉलमलाही छिन्नी लावतात. ती छिन्नी सळईपर्यंत पोचलेली मी अनेकदा पाहिली आहे. कॉलमवर झिरी मारायची नाही, हे काम सुरू होण्याआधी घरमालकाने स्वतः तोंडाने सांगावे.

आता सळई कशासाठी असते ते बघू. काँक्रीट दाब फार चांगला सोसते, पण ताण सोसण्याची त्याची शक्ती दाबाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकीच असते. ताण घेण्यासाठी पोलाद लागते. ते नेमके कुठे लागते हे समजून घ्यायला शाळेतला जाडसर खोडरबर पुरतो. त्याची दोन्ही टोके टेकवून मध्ये दाबा, खालची बाजू ताणली जाते. दोन भिंतींमधल्या स्लॅबचे तसेच होते, म्हणून तिथे मुख्य सळई खाली. आता एकच टोक घट्ट धरून दुसरे मोकळे टोक खाली दाबा, तर वरची बाजू ताणली जाते. एका बाजूनेच धरलेला छज्जा किंवा गॅलरी म्हणजे हेच. त्याला कॅन्टिलिव्हर म्हणतात आणि त्याची मुख्य सळई वरच असावी लागते.

सळई बांधणारा फिटर ती वर बांधतोही. गडबड होते ती काँक्रीट ओतताना. घमेली घेऊन माणसे त्या जाळीवरून ये-जा करतात आणि सळई पायाखाली दबत जाते. मुळाशी 100 मिलिमीटर जाडीचा छज्जा धरा. सळई वर असेल तर तिच्यापासून तळापर्यंत साधारण 75 मिलिमीटर अंतर मिळते. तीच दबून मधोमध गेली तर 50 उरते आणि छज्ज्याची ताकद दोन-तृतीयांशावर येते. तळाशी जाऊन बसली तर ताकद तिसऱ्या हिश्शाइतकी उरते. सिमेंट तेच, सळईही तेवढीच, फक्त जागा बदलली. काँक्रीट झाकल्यावर हे कुणाच्याही डोळ्यांना दिसत नाही. म्हणून वरच्या जाळीखाली वाकवलेल्या सळईचे आधार ठेवतात, त्यांना साइटवर खुर्च्या म्हणतात. ओतण्याच्या दिवशी त्या पुरेशा आहेत का, आणि माणसांना चालायला जाळीवर फळ्या टाकल्या आहेत का, या दोन गोष्टी बघायला अभियंता असण्याची गरज नाही.

याच छज्ज्याचे टेकू काढण्यालाही क्रम असतो. दोन्ही बाजूंनी टेकलेल्या स्लॅबचे टेकू मधून सुरू करून कडेकडे काढत नेतात. छज्ज्याचे मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे काढतात. उलटे केले तर ज्या वाकण्यासाठी सळई बसवलेली नाही, तसे वाकायला आपण त्याला भाग पाडतो. टेकू किती दिवस ठेवायचे याचे किमान आकडे आयएस 456 या भारतीय मानकात दिलेले आहेत. साध्या सिमेंटच्या कामात, 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याचा, म्हणजे दोन आधारांमधल्या तेवढ्या अंतराचा, स्लॅब असेल तर 7 दिवस, त्याहून मोठा असेल तर 14. बीम 6 मीटरपर्यंत असेल तर 14 दिवस, त्याहून मोठी असेल तर 21. थंडी असेल किंवा सिमेंटमध्ये कोळशाची बारीक राख मिसळलेली असेल तर काळ वाढवावा लागतो. सेंटरिंगवाल्याला, म्हणजे साचे आणि टेकू लावणाऱ्याला, त्याच्या प्लेटा आणि बल्ल्या पुढच्या साइटवर न्यायच्या असतात, त्यामुळे तो घाई करणारच. त्याला थांबवण्यासाठी घरमालकाजवळ हे आकडे असावेत.

कव्हर हा शब्द सामान्य वाचकाला सर्वांत अनोळखी असेल, पण इमारतीचे आयुष्य बहुतांशी त्याच्यावर ठरते. सळईच्या बाहेरच्या अंगापासून काँक्रीटच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर म्हणजे कव्हर. साधारण परिस्थितीत स्लॅबला 20 मिलिमीटर, बीमला 25, कॉलमला 40 आणि जमिनीतल्या फूटिंगला 50 असे ते ठेवतात. समुद्रकाठी किंवा खारट पाण्याच्या जागी याहून जास्त लागते. ताजे काँक्रीट अत्यंत अल्कधर्मी असते आणि त्या वातावरणात पोलादावर संरक्षक पापुद्रा तयार होतो, त्यामुळे गंज धरत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे काँक्रीटमध्ये हळूहळू आत शिरतो आणि हा अल्कधर्मीपणा कमी करत जातो. याला कार्बोनेशन म्हणतात. ते सळईपर्यंत पोचले आणि ओलावा मिळाला की गंज सुरू होतो. गंजाला मूळ पोलादाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. तो आतून काँक्रीट ढकलतो आणि छताचे पोपडे सळईसकट उघडे पडतात. हे आत शिरणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चालते. म्हणजे कव्हर 20 ऐवजी 10 मिलिमीटर राहिले तर संरक्षणाची वर्षे निम्मी होत नाहीत, चौथाईवर येतात. यासाठीच मी साइटवर कव्हर ब्लॉकवरून भांडत असे. जाळीखाली सिमेंटचे किंवा प्लास्टिकचे ठरावीक जाडीचे ठोकळे हवेत. खडीचा तुकडा सरकतो, लाकडाची चिपळी कुजते आणि सळईचा तुकडा ठेवला तर तोच गंजाला आत येण्याची वाट करून देतो.

पाण्याबद्दल दोन वेगळ्या गोष्टी सांगायच्या आहेत, त्यांची लोक गल्लत करतात. काँक्रीट कालवताना पाणी कमी हवे आणि ओतून झाल्यावर भरपूर हवे.

कालवतानाच्या प्रमाणाला वॉटर-सिमेंट रेशो म्हणतात. तो 0.5 असेल तर 50 किलोच्या पोत्याला 25 लिटर पाणी, आणि त्यात वाळूतला ओलावाही धरायचा. सिमेंटच्या रासायनिक क्रियेला याहूनही कमी पाणी पुरते, बाकीचे फक्त माल हलता राहावा म्हणून असते. ते जास्तीचे पाणी पुढे उडून जाते आणि मागे बारीक पोकळ्या ठेवते. त्याच पोकळ्यांतून ताकद जाते आणि ओल आत येते. माल घट्ट वाटतो म्हणून मजूर एक बादली जास्त ओततो, तयार काँक्रीटच्या गाडीतही ओतताना नळी सोडली जाते. माल घट्ट असेल तर पाणी न वाढवता तो हलता करणारी रसायने असतात. माल किती हलता आहे हे मोजायला स्लम्पची चाचणी आहे. 300 मिलिमीटर उंचीच्या शंकूच्या आकाराच्या पत्र्याच्या साच्यात माल ठासून भरायचा, साचा सरळ वर उचलायचा आणि ढीग किती खाली बसला ते पट्टीने मोजायचे. काही मिनिटांचे काम आहे. ते करायला सांगितले तर कोणी चिडण्याचे कारण नाही.

ओतून झाल्यावर पाणी मारणे म्हणजे क्युअरिंग. स्लॅब 'वाळला' असे आपण म्हणतो, पण सिमेंट वाळून घट्ट होत नाही. त्याची पाण्याशी रासायनिक क्रिया होते आणि ती क्रिया चालू असेपर्यंत पाणी टिकून राहिले पाहिजे. पाणी उडून गेले की ताकद वाढणे तिथेच थांबते, आणि नंतर पाणी ओतून ते पूर्ण भरून निघत नाही. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, राख किंवा लोखंडाच्या भट्टीची मळी मिसळलेल्या सिमेंटला किमान 10 दिवस आणि शक्यतो 14 दिवस सतत ओल हवी. हवा कोरडी आणि गरम असेल तर साध्या सिमेंटलाही 10 दिवसांहून कमी चालत नाही. बाजारातल्या बहुतेक पोत्यांवर पीपीसी किंवा पीएससी लिहिलेले असते, ती याच दुसऱ्या प्रकारची सिमेंटे. स्लॅबवर मालाचे छोटे बांध घालून पाणी साठवतात, ते लोकांना माहीत आहे. कॉलमचे मात्र हाल होतात. सकाळ-संध्याकाळ पाइपने एकदा भिजवला की झाले, असे समजतात. उभ्या पृष्ठभागावर पाणी टिकत नाही, त्याला गोणपाट गुंडाळून ते ओले ठेवावे लागते. सबंध इमारतीचे वजन ज्याच्यावर येणार त्याच कॉलमला सर्वांत कमी पाणी मिळते, हे मी शेवटच्या साइटपर्यंत बघत आले आणि अजूनही रस्त्याने जाताना बघते.

अंदाजपत्रकातले काही शब्द भराभर सांगते. पीसीसी म्हणजे सळई नसलेले काँक्रीट, ते पायाखाली समतल थर म्हणून टाकतात. आरसीसी म्हणजे सळईचे. सोलिंग म्हणजे पीसीसीच्या खालचा दगडांचा थर. जमिनीच्या वर, घराच्या फरशीच्या पातळीपर्यंत उचललेला भाग म्हणजे जोते किंवा प्लिंथ. त्याच्या माथ्यावर जमिनीतली ओल भिंतीत चढू नये म्हणून जो थर देतात तो डीपीसी. हा थर राहिला तर भिंतीच्या खालच्या फूट-दोन फुटांतला रंग कायम फुगत राहतो आणि कितीही महाग रंग लावून उपयोग नसतो. दार-खिडकीच्या वरची छोटी तुळई म्हणजे लिंटल. खिडकीच्या खालचा काठ म्हणजे सिल. गच्चीचा कठडा म्हणजे पॅरापेट.

एम 20, एम 25 यातला आकडा म्हणजे काँक्रीटची दाब सोसण्याची ताकद, दर चौरस मिलिमीटरला इतके न्यूटन. ती 150 मिलिमीटरचे ठोकळे भरून, 28 दिवस पाण्यात ठेवून आणि यंत्रात फोडून ठरवतात. आरसीसीच्या कामाला एम 20 च्या खालचे काँक्रीट मानकात चालत नाही. ठोकळ्यांचा अहवाल चांगला आला की लोक समाधान मानतात, पण तो ठोकळ्यात भरलेल्या मालाचा अहवाल असतो. तोच माल तुमच्या बीममध्ये नीट ठासला गेला का, त्याला पाणी मिळाले का, हे ठोकळा सांगत नाही. माल थरथरवून ठासणारा व्हायब्रेटर नीट फिरला नाही तर साचा काढल्यावर काँक्रीटमध्ये मधमाशांच्या पोळ्यासारखी भोके दिसतात, त्याला हनीकोंब म्हणतात. ती खोलवर असली तर कच्चा भाग खरवडून योग्य मालाने भरावा लागतो. बहुतेक ठिकाणी गवंडी संध्याकाळच्या आत सिमेंट थापून तो भाग गुळगुळीत करून टाकतो. म्हणून साचे निघतील त्या दिवशी, गिलाव्याच्या आधी, घरमालकाने एक चक्कर मारावी आणि प्रत्येक कॉलमचा फोटो काढून ठेवावा. कॉलमच्या पायथ्याशी विशेष बघावे, माल उंचावरून पडल्यामुळे तिथेच खडी वेगळी होते.

सळईच्या बाबतीत एफई 500 मधला 500 हा आकडा तिची ताण सोसण्याची मर्यादा सांगतो, तोही न्यूटनमध्येच. पुढे डी हे अक्षर असेल तर ती तुटण्याआधी जास्त लांबते. भूकंपात हा गुण फार मोलाचा ठरतो. तिचे वजन घरमालक स्वतः काढू शकतो. व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, 162 ने भागा, एका मीटरचे किलो मिळतात. 12 मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे 890 ग्रॅम भरते, 16 ची सुमारे 1 किलो 580 ग्रॅम. वजनात थोडा फरक चालतो. फारच हलकी भरली तर ती जाडीने कमी आहे.

कॉलमभोवतीच्या चौकोनी कड्यांना रिंग म्हणतात. दाबाखाली उभ्या सळया बाहेरच्या बाजूला फुगू नयेत आणि आतले काँक्रीट बांधून राहावे, हे त्यांचे काम. रिंगची टोके काटकोनात वाकवून सोडली तर भूकंपाच्या हिसक्यात ती उघडतात. ती 135 अंशात, म्हणजे कॉलमच्या आतल्या गाभ्याकडे वळलेली हवीत. कॉलम आणि बीम जिथे मिळतात तिथे रिंगा जवळजवळ हव्यात. प्रत्यक्षात तिथेच त्या विरळ असतात, कारण त्या अडचणीच्या जागी फिटरचा हात पोचत नाही. मी नव्या मुलांना नेहमी सांगत असे, नकाशातली सगळ्यांत अडचणीची जागा आधी तपासा.

आता भेगांविषयी, कारण बातम्यांत सर्वांत जास्त गोंधळ याच बाबतीत असतो. 'इमारतीला तडे' एवढे लिहून वाचकाला काहीच कळत नाही. भिंतीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा असतात, त्या बहुधा गिलाव्याच्या. मालात सिमेंट जास्त झाले किंवा गिलावा भरभर सुकला की त्या येतात. दिसायला वाईट असतात, इमारतीला त्यांचा धोका नसतो. वीटकाम आणि बीम किंवा कॉलम यांच्या सांध्यावर सरळ रेषेत जाणारी भेग दोन पदार्थ कमीजास्त प्रसरण पावत असल्याने येते. गिलाव्याआधी त्या सांध्यावर जाळी ठोकली असती तर ती टळली असती. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग मात्र लक्ष देण्याची. लिंटल पुरेशी टेकलेली नसेल किंवा पाया एका बाजूला खचत असेल, तर तशी भेग येते.

काँक्रीटमधल्या भेगा वेगळ्या वाचायच्या. सळईच्या रेषेने जाणारी भेग, भोवती तपकिरी डाग, आणि ठोकून पाहिले तर पोकळ आवाज, म्हणजे आत गंज आहे. बीमच्या मध्यावर तळाशी केसाएवढी उभी रेघ असेल तर घाबरून जाऊ नये. काँक्रीटचा ताण पोलादाकडे जाताना ती पडते आणि साधारण परिस्थितीत 0.3 मिलिमीटर रुंदीपर्यंत मानकाला मान्य आहे. पण बीमच्या टोकापाशी, कॉलमच्या जवळ, सुमारे 45 अंशात गेलेली तिरपी भेग दिसली तर त्याच दिवशी अभियंत्याला बोलवावे. ती शिअरची, म्हणजे कातरणाऱ्या बळाने पडलेली, भेग असते आणि तशी बीम फारशी सूचना न देता जाते. कॉलमवर उभ्या भेगा, फुगवटा किंवा काँक्रीट चुरडल्यासारखे दिसणे याहूनही गंभीर. तिथे अभियंता येईपर्यंत खाली थांबूच नये.

बाकी भेगांच्या बाबतीत ती वाढते आहे का हे आधी बघावे. दोन्ही टोकांशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. किंवा भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवावी. भेग हलली की काच तडकते. अभियंता आल्यावर त्याला ही नोंद दाखवली तर त्याचे निम्मे काम झालेले असते.

जुन्या इमारतीच्या रहिवाशांच्या हाती स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल येतो आणि सभेत तो कोणालाच वाचता येत नाही. त्यातली रिबाउंड हॅमरची चाचणी काँक्रीटच्या फक्त पृष्ठभागाचा टणकपणा सांगते. अल्ट्रासोनिक चाचणीत ध्वनिलहरींचा काँक्रीटमधला वेग मोजतात. तो मानकातल्या मर्यादेच्या खाली असेल तर आतला माल शंकास्पद समजतात. कार्बोनेशनच्या चाचणीत नुकत्याच फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन शिंपडतात. गुलाबी रंग आला तर संरक्षण शाबूत आहे, रंग आलाच नाही तर तिथपर्यंत हवा पोचली आहे. हाफ सेल पोटेन्शियल ही सळईचा विद्युत दाब मोजणारी चाचणी गंजाची शक्यता दाखवते. कोअर टेस्टमध्ये काँक्रीटचा दंडगोल कापून काढून फोडतात आणि ताकदीचा सर्वांत थेट पुरावा तोच असतो. एकाच चाचणीवर इमारत धोकादायक किंवा सुरक्षित ठरवलेला अहवाल आला, तर बाकीच्या का केल्या नाहीत हे रहिवाशांनी विचारावे.

दुरुस्तीत तर काम झाकण्याची घाई आणखी असते. पोपडे पाडले, गंजक्या सळयांवर सिमेंटचा हात मारला आणि रंग दिला, तर आतला गंज चालूच राहतो आणि दोन-चार पावसाळ्यांत तोच भाग पुन्हा पडतो. काँक्रीट सळईच्या मागपर्यंत फोडायचे, सळई चहूबाजूंनी घासून स्वच्छ करायची, खाऊन बारीक झाली असेल तर जोडीला नवी बांधायची, गंजरोधक लेप द्यायचा, जुन्या-नव्याला धरून ठेवणारा बाँड कोट लावायचा आणि मग पॉलिमर मॉर्टर, म्हणजे पॉलिमर मिसळलेला सिमेंट-वाळूचा माल, भरायचा. यातली प्रत्येक पायरी पुढची सुरू झाली की दिसेनाशी होते. सोसायटीच्या कमिटीने प्रत्येक पायरीला वर चढून बघावे आणि बिल मंजूर करताना ते फोटो समोर ठेवावेत.

संपादक महोदय, माझ्या दोन विनंत्या आहेत. बांधकाम कोसळल्याच्या बातमीत आपल्या वार्ताहरांनी कोणता भाग पडला, तो ओतून किती दिवस झाले होते, टेकू कधी काढले आणि उघड्या पडलेल्या सळया कोणत्या अवस्थेत होत्या, एवढे विचारून लिहावे. चौकशीचा निष्कर्ष येईपर्यंत कारण लिहूच नये. आणि गृहपुरवणीत दर आठवड्याला एकच शब्द घेऊन, त्या कामाचा आडवा छेद दाखवणारी आकृती छापावी. स्लॅबचा छेद, कॉलमच्या रिंगा, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे थर, मोरीतल्या पाइपची जोडणी असे वर्षभराचे विषय सहज निघतील. आकृत्या मी हाताने काढून पाठवायला तयार आहे, मानधनाची अपेक्षा नाही. मापे मात्र माझ्याशिवाय आणखी एखाद्या स्ट्रक्चरल अभियंत्याकडून तपासून घ्यावीत आणि मगच छापावीत.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त बांधकाम पर्यवेक्षिका